उकंडाच्या फोनातले प्रश्न

उकंडा बोरकुटे बाईमाणसाच्या अंगाचं माप घेत नसे. गावातली रीतच तशी होती. जिला ब्लाऊज शिवायचा असेल तिने अंगाला बसणारा जुना ब्लाऊज पिशवीत घालून आणायचा, दुकानाच्या बाकावर ठेवायचा आणि काय कमी-जास्त हवं ते तोंडाने सांगायचं. बाह्या बोटभर खाली. पोटात थोडा सैल. उकंडा मान वर न करता 'हो ताई' म्हणायचा आणि टेप त्या जुन्या कापडावर लावायचा. असं करत त्याने अर्ध्या गावाची लग्नं शिवली, बाळंतपणं शिवली. कोणत्या घरात पाळणा हलणार हे त्याला सासूच्याही आधी कळत असे. कळलं तरी तो ते कुठे बोलत नसे, म्हणून बायांचा त्याच्यावर विश्वास होता.

घरात तो आणि मुलगी साधना, दोघंच. पुढची खोली म्हणजे दुकान, मागची म्हणजे घर. साधनाची आई कमल दुसऱ्या बाळंतपणात गेली, तेव्हा साधना नुकती चालायला लागली होती. पुढची काही वर्षं तिला उकंडाच्या थोरल्या बहिणीने, पंचफुलाने, पांढरकवड्याला आपल्या घरी सांभाळलं. शाळेत घालायची वेळ आली तेव्हा उकंडा तिला परत घेऊन आला. आता ती दहावीत होती, राळेगावच्या रस्त्यावरच्या शाळेत सायकलने जात होती. घरात एकच फोन होता आणि त्याला कुलूप नव्हतं. दिवसा तो गिऱ्हाइकांसाठी असे, संध्याकाळी अभ्यासासाठी.

कापसाची दुसरी वेचणी चालू होती तेव्हाची गोष्ट. एका संध्याकाळी साधनाने शाळेच्या ड्रेसचा कुडता आणून मशीनवर ठेवला.

"बाबा, पोटात ढिला करून दे ना. बसून लिहिता नाई येत."

उकंडाने चष्मा चढवला आणि शिवण उसवायला घेतली. शिवतानाच त्याने आत भरपूर कापड सोडलेलं होतं, वाढत्या पोरीचा ड्रेस कोणताही शिंपी तसाच शिवतो. एक बाजू उसवून झाली तेवढ्यात तांड्यावरची लालीबाई आली. भाचीच्या लग्नासाठी तिला मागून मटक्यासारखा गळा हवा होता, पण कसा ते तिला सांगता येत नव्हतं.

"फोनात असते ना भाऊ. दाखव ना, मी बोट लावतो."

उकंडाने फोन घेतला. टाइप करणं त्याला जमत नसे, तो माईकचं चिन्ह दाबून बोलायचा. त्यासाठी त्याने शोधायच्या चौकटीवर बोट ठेवलं, आणि खाली आधी शोधलेल्या गोष्टींची रांग उघडली.

गरोदर राहू नये म्हणून काय करावे.
एकदाच झाले तर दिवस जातात का.
पपई खाल्ल्याने दिवस जात नाहीत का.
पाळी चुकली तर किती दिवस वाट पाहावी.

रांग अजून खाली जात होती. उकंडाने अंगठा काढून घेतला.

"काय झालं भाऊ?" लालीबाई वाकून पाहू लागली.

"नेट नाई," उकंडा म्हणाला आणि फोन पालथा ठेवला. "उद्या ये, बाई. उद्या दाखवतो."

लालीबाई गेली. उकंडाच्या मांडीवर साधनाचा कुडता तसाच पडलेला होता, एका बाजूने उसवलेला. पोटात ढिला करून दे, म्हणाली होती. वीस वर्षं हे शब्द ऐकले की त्याला त्यांचा अर्थ सांगावा लागत नव्हता.

जेवताना तो तिच्याकडे चोरून पाहत राहिला. साधना भाकरी खात होती, नेहमीसारखीच. मग तिने ताटाशेजारी ओंजळभर बोरं ओतली, हिरवी, आंबट, आणि एकामागून एक मिठाला लावून खाऊ लागली. उकंडाने हातातला भाकरीचा तुकडा ताटात परत ठेवला.

"तब्येत बरी हाय ना तुही?"

"मले काय झालं?"

"नाई. पोट..."

"पोट काय?"

"भरलं का, म्हनलं."

"बाबा, तू आज असा काहून करून राह्यला?" साधना हसली आणि एक बोर त्याच्या ताटात टाकलं. "घे. तुह्या वाट्याचं."

ते बोर त्याने खाल्लं. काय खातोय हे त्याला कळत नव्हतं.

विचारायचं कसं, हाच प्रश्न होता. पोरीची पहिली पाळी आली तेव्हाही त्याने शेजारच्या म्हातारीला बोलावून आणलं होतं आणि स्वतः मारुतीच्या पारावर जाऊन बसला होता. पोरगी सायकलवरून पडली तर तिचं ढोपर तो धुवायचा, तिच्या वेण्या घालायला शिकला होता, तापात तिच्या उशाशी बसला होता. पण ह्या एका वाटेवर तो कधी पाऊल टाकू शकला नव्हता. ती वाट बायांची आहे असं त्याला कोणीतरी कधीतरी सांगितलं होतं, आणि त्याने ते मानून टाकलं होतं.

सकाळी साधना शाळेत गेल्यावर त्याने बहिणीला फोन लावला. पंचफुलाला तो 'बाई'च म्हणायचा. दिवाळीपासून ती एका स्थळासाठी मागे लागली होती. पांढरकवड्याला हायवेवर टायरचं दुकान, एकुलता एक मुलगा, घर पक्कं. उकंडा दर वेळी दहावीचं नाव सांगून टाळायचा.

"बाई, ते पाहुने... आन त्याईले. रविवारी."

"तू तं म्हनत होता, दहावी होऊ दे."

"आता म्हनतो ना, आन म्हनून."

"अरे आनतो ना! खुशीनं आनतो!" पंचफुलाच्या आवाजात एकदम बळ आलं. "माह्याच हातची पोरगी हाय ती. कागदाचं अठराची झाल्यावर करू, आता घरच्या घरी उरकून घेऊ. पोहे कर, बाकी मी पाह्यतो."

फोन ठेवल्यावर उकंडा मशीनवर बसला, पण दिवसभर त्याच्या हातून सरळ टीप निघाली नाही.

पुढचे दिवस त्याने रविवारचं काही घरात काढलं नाही. शनिवारी सकाळची शाळा होती. त्याने विज्ञानाच्या सत्यशीला मॅडमचा शिवून तयार असलेला ब्लाऊज कागदात गुंडाळला आणि सायकल काढली. ब्लाऊज हे निमित्त. पोरगी शाळेत वेळेवर येते का, मधेच कुठे जाते का, कोणाशी बोलते, एवढं त्याला मॅडमला विचारायचं होतं. पुढचं काही विचारायची त्याची छाती नव्हती.

दहावीचा वर्ग व्हरांड्याच्या टोकाला होता. दार उघडं होतं. आतून पोरांच्या हसण्याचा कल्लोळ येत होता आणि मध्येच मॅडमचा शांत आवाज.

"हसून घ्या. मी थांबते."

हसणं वाढलं, मग कमी झालं, मग उगाच कोणीतरी एकट्याने हसलं आणि लाजून थांबलं.

"झालं? आता पपई. पपईवर कोणी शोधलं?"

उकंडा दाराच्या अलीकडेच थबकला. फळ्यावर खडूने तीन रकाने आखलेले त्याला दिसले. खरं. खोटं. अजून तपासायचं. आणि त्याखाली मॅडमच्या ठळक अक्षरात तीच वाक्यं होती. गरोदर राहू नये म्हणून काय करावे. एकदाच झाले तर दिवस जातात का. त्याच्या फोनात होती ती, शब्दाला शब्द.

साधना उठली. हातात कागद होता, पण तिने त्यात पाहिलं नाही.

"मॅडम, मी तीन ठिकानी पाह्यलं. पयला एक व्हिडिओवाला हाय. तो म्हनते, पपई खा, दिवस जात नाई. पन शेवटी तो सोताचं चूर्न विकते. नंबर देते खाली. दुसरं एक पान हाय, त्याच्यावर लिहिनाऱ्याचं नावच नाई. तिसरं सरकारच्या आरोग्य खात्याचं. तिथं पपईचं नाव कुठीच नाई. तिथं निरोध हाय, गोळ्या हाय, इंजेक्शन हाय, तांबी हाय. म्हनून मी पपई खोट्यात टाकली."

"बरोबर. एक विचारते. तुमच्या घरी कापसाचं बियाणं आणताना बाबा काय पाहतात? विक्की, तू सांग. तुमचं शेत आहे."

मागच्या बाकावरचा एक उंच मुलगा उठला. "पिशवी सीलबंद हाय का, ते. कंपनी कोनती. अन् दुकानदार बिल देते का."

"आणि बिल नाही दिलं तर?"

"तं बोगस, मॅडम. उगवलंच नाई तं भांडाव कोनासंग?"

"मग बियाण्यासाठी एवढं पाहता आणि स्वतःच्या शरीरासाठी कोणाही चूर्णवाल्याचं ऐकता?" मॅडमने पपईसमोर खोट्याच्या रकान्यात खूण केली. "कोण सांगतंय, त्याला त्यात काय मिळतं, आणि दुसरं भरवशाचं ठिकाण तेच सांगतं का. ह्या तीन गोष्टी पाहायच्या. फोन सगळ्यांकडे आहे, बिल मागायची सवय नाही. बरं, मला सांगा, मुलींनी हा अभ्यास कुठे केला? शाळेचं नेट तर महिनाभर बंद आहे."

वर्गात चुळबुळ झाली. एक मुलगी बसल्या बसल्याच म्हणाली, "आमच्या घरी भाऊ हिस्टरी पाह्यते."

"माह्या बापानं तं फोन पेटीत टाकला."

"मग?"

"साधनाच्या घरी केला, मॅडम." ही भैरवी होती. गेल्या महिन्यात उकंडाने तिच्या मोठ्या बहिणीचा शालू पिको केला होता. "आमी सगळ्या रोज शाळा सुटली का तिच्या घरी जातो. उकंडा काकाच्या फोनले लॉक नाई. अन् काका काही म्हनत नाई."

"कोण कोण गेलं होतं?"

खिडकीकडच्या, मुलींच्या बाकांवरचे सगळे हात वर गेले.

उकंडाने भिंतीला हात टेकला. पोरी घरी येत होत्या, हे त्याने पाहिलं होतं. मागच्या खोलीत जमून कुजबुजत होत्या, खिदळत होत्या, आणि तो पुढे मशीनवर बसून त्यांना ओरडून विचारत होता, चहा ठेवू का गं पोट्ट्यांनो. इतके दिवस एकाच पोरीचे म्हणून तो ज्यांच्याकडे पाहत होता, ते प्रश्न बाकभर पोरींचे होते.

"बोरकुटे भाऊ, बाहेर काहून उभे? या ना आत." मॅडमने त्याला पाहिलं होतं.

"नाई, तुमचा ब्लाऊज..."

"ब्लाऊज पळून नाही जात. या. बसा मागे. तसंही पालक कोणी येत नाही या तासाला."

वर्ग पुन्हा हसला. साधनाने मागे वळून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. उकंडा विक्कीशेजारी, त्याच्या मापाच्या नसलेल्या बाकावर, गुडघे आवळून बसला. मॅडमच्या आधीचे विज्ञानाचे सर हा धडा घरी वाचून घ्या म्हणून सोडून देत, हे त्याला ठाऊक नव्हतं. मॅडम मात्र धडा पुढे नेत होत्या, जणू काही झालंच नाही.

"आता दुसरा प्रश्न. एकदाच झालं तर दिवस जातात का? जातात. पहिल्यांदा असलं तरी जातात. लग्न झालेलं असो की नसो, शरीर लग्नपत्रिका वाचत नाही. आणि लग्न झालं म्हणून सोळाव्या वर्षी शरीर तयार होत नाही. हाडं वाढत असतात, रक्त आधीच कमी असतं. त्यात एक बाळंतपण, आणि ते अंगातून सावरायच्या आत दुसरं, म्हणजे आईच्या जिवाशी खेळ. दोन मुलांत निदान दोन-तीन वर्षं जाऊ द्यायला हवीत. हे मुलांनीही लिहून घ्या. बाळंतपण बाईचं असलं तरी अंतर दोघांनी ठेवायचं असतं."

मुलं लिहू लागली. विक्कीसुद्धा खाली मान घालून लिहीत होता. उकंडाच्या हातात पेन नव्हतं. त्याच्या डोळ्यासमोर कमल होती. लग्नात सोळाची, साधना झाली तेव्हा सतराची. साधना रांगायला लागते न लागते तोच दुसऱ्यांदा दिवस गेले, आणि सगळ्यांनी पेढे मागितले. उकंडानेही वाटले होते. कमल दिवसेंदिवस पिवळी पडत गेली तर बाया म्हणाल्या, होते असं. शेवटी राळेगावच्या रस्त्यावर, दवाखान्यात पोचायच्या आत, सगळं संपलं. इतकी वर्षं तो त्याला नशीब म्हणत आला होता. आज कोणीतरी पहिल्यांदाच त्याचं कारण सांगत होतं, तेही चाळीस पोरांना, भूगोलातल्या पावसाचं कारण सांगावं तसं.

तास संपला. पोरं बाहेर पडली. मॅडम खडूचे हात झटकत व्हरांड्यात आल्या.

"काय विचारायचं होतं, भाऊ? ब्लाऊजसाठी तुम्ही कधी शाळेत येत नाही."

उकंडाने कागदाचं पुडकं पुढे केलं. "मी ते फोनात पाह्यलं, मॅडम. अन् मले वाटलं..."

"समजलं."

"तिनं ड्रेस बी ढिला करायले देल्ला होता."

मॅडमला हसू आलं, पण त्यांनी ते ओठांवरच ठेवलं. "मागच्या वर्षीचा ड्रेस आहे ना तो? वाढतं वय आहे, भाऊ. तुम्ही शिंपी आहात."

"त्याच्यामुळंच तं झालं," उकंडा म्हणाला. मग खाली पाहत म्हणाला, "मी पाहुने बोलावले. उद्या येऊन राह्यले."

मॅडमचा चेहरा बदलला. "कसले पाहुणे?"

त्याने सांगितलं.

"ती सोळाची आहे. हे लग्न होऊ लागलं तर मी गप्प बसणार नाही, तुम्ही माझे कपडे शिवता म्हणूनही नाही. हे तुमच्या तोंडावर सांगते." त्या थोडं थांबल्या. "पण ते मला करावं लागणार नाही, असं वाटतं. तुम्ही साधनाला विचारलं होतं का?"

"कोनी बाप असं विचारते का?"

"तिने तर विचारायची सोय करून ठेवली होती. फोनातलं पुसता येतं, भाऊ. पोरांना ते सगळ्यात आधी येतं. तिने पुसलं नाही, कारण तुमच्यापासून लपवायची गरज तिला वाटली नाही."

उकंडाने सायकल काढली आणि फाटकाशी साधनाची वाट पाहत उभा राहिला.

घरी जाताना त्याने आणि साधनाने सायकली हाताने ढकलत नेल्या. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस उभा होता, वेचून झालेल्या ओळी काळपट दिसत होत्या. निम्म्या वाटेवर उकंडाने तिला सगळं सांगितलं. लालीबाईचा गळा, उसवलेला कुडता, बोरं, आणि रविवार.

साधना बोरांवर हसली. रविवारवर तिचं हसू थांबलं.

"तुले मी तशी वाटली?"

"मले काहीच वाटलं नाई. मले भेव लागलं."

"भेव लागलं तं मले विचारायचं ना. त्या टायरवाल्याले काहून विचारलं?"

उकंडा चालत राहिला.

"अन् उद्या ते आले तं मी काय करू? चहा नेऊ? पदर घेऊन बसू?"

"नाई. मी सांगतो त्याईले."

"काय सांगशील?"

ते त्यालाही माहीत नव्हतं. साधना सायकलवर बसली आणि पुढे निघून गेली. तिची पाठ लहान होत गेली तसा तो पाहत राहिला. घरी पोचला तेव्हा तिने भाकऱ्या केल्या होत्या, त्याचं ताट वाढून ठेवलं होतं, आणि स्वतः पुस्तक घेऊन भिंतीकडे तोंड करून बसली होती.

रविवारी पंचफुला सकाळच्या एसटीने एकटीच आली. पाहुणे मागून गाडीने येणार होते. तिने नवी नऊवारी नेसली होती आणि पिशवीतून साधनासाठी हिरव्या बांगड्या आणल्या होत्या. दारातूनच तिने हाक मारली, "अवं साधे, पानी आन! अन् केस सोड ते, वेनी मी घालतो."

"बाई, बस," उकंडा म्हणाला. "त्याईले फोन लाव. म्हन, येऊ नका."

पंचफुला बसता बसता थांबली. "काय म्हनला?"

"लग्न नाई करायचं."

"बुधवारी तं सोता म्हनला आन म्हनून! आज काय झालं? माहं नाक कापून ठेवतं का त्या लोकाइत?" तिचा आवाज चढला. "मी वाढवली ही पोरगी. माह्या पदराखाली निजली. माहा काही हक हाय का नाई?"

"हाय. म्हनून तुलेच सांगून राह्यलो." उकंडा मशीनच्या स्टुलावर बसला. मागच्या खोलीच्या दारात साधना पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती, ती तिथेच राहिली. "कमलले लग्नात किती होतं, बाई?"

"आता ते काय काढतं?"

"सोळा. हिच्यावेळी सतरा. अन् दुसरं लगेच. तू गाडीत होती तिच्याजवळ. तुह्याच मांडीवर डोकं होतं तिचं."

पंचफुला बाकावर टेकली.

"देवाची मर्जी होती ते," ती म्हणाली, पण आवाज मघासारखा चढला नाही.

"मीबी तेच म्हनत आलो. काल पोरीच्या वर्गात बसलो होतो. मर्जी नव्हती, बाई. लहान होती ती. अन् अंतर नाई ठेवलं आमी. ठेवता येते, हेच मालूम नव्हतं. तिले नाई, मले बी नाई. कोनी सांगतलंच नाई." त्याने साधनाकडे बोट दाखवलं. "हिले मालूम हाय. ह्या पोट्ट्या सोता शोधून काढतात, तपासतात, फळ्यावर लिहितात. अन् ते पाहून मीच भेलो, अन् तिले त्याच वाटेनं धाडायले निघालो. जे कमलचं झालं त्याच वाटेनं."

साधनाने तांब्या खाली ठेवला. ती येऊन त्याच्या मागे उभी राहिली, आणि त्याच्या खांद्यावर अडकलेला दोऱ्याचा तुकडा काढून टाकला.

पंचफुलाने बराच वेळ नऊवारीचा काठ बोटाने सरळ केला. मग फोन काढला.

"हलो, जी. आज नका येऊ. पोरीले ताप..."

"ताप नाई," उकंडा म्हणाला. "बाप नाई म्हनते, असं म्हन."

पंचफुलाने त्याच्याकडे रागाने पाहिलं, फोनमध्ये म्हणाली, "तिचा बाप नाई म्हनते," आणि पलीकडचं काही न ऐकता फोन बंद केला.

तिने चहाला नाही म्हटलं. पोह्यांनाही. परतीची एसटी दुपारची होती, तोवर जायला दुसरी जागा नव्हती, म्हणून ती दुकानाच्या बाकावर पाठ फिरवून बसली. उकंडाने मशीन चालू केली. लालीबाईचा ब्लाऊज पूर्ण करायचा होता.

"अवं साधे," पंचफुला अखेर भिंतीकडेच पाहत म्हणाली. "ते फोनात काय पाह्यता तुमी?"

"कायचं, आत्या?"

"माह्या सुनेचं लेकरू आठ महिन्याचं हाय. ती बी एकोनीसचीच हाय." पंचफुला अर्धवट वळली. "अंगावर पेते लेकरू, तोपर्यंत दिवस जात नाई म्हनतात. खरं हाय ना?"

"कोन म्हनते?"

"सारेच म्हनतात."

"सारे म्हनजे कोन, ते पाहा लागते." साधना फोन घेऊन तिच्याजवळ बाकावर बसली. शोधलं, एक पान उघडलं, ते बंद केलं, दुसरं उघडलं. "हे जाहिरातवालं होतं. हे पाय, हे सरकारी हाय. लेकरू सहा महिन्याच्या आत पायजे. नुसतं अंगावरचंच दूध पायजे, वरचं काहीच नाई. अन् आईची पाळी सुरू झालेली नसावी. तिन्ही असलं तंच. तुमचं लेकरू वरचं खाते का?"

"खाते ना. खिमटी खाते, बिस्किट खाते."

"मंग त्याच्या भरवशावर नाई राहता येत, आत्या."

पंचफुला वळली. बाकावर पूर्ण वळली. "मंग काय कराव?"

"उपकेंद्रातल्या सिस्टरले दाखवा लागते तिले. सिस्टर तपासून सांगन. इंजेक्शन भेटते, तीन महिन्याले एक. तांबी बी हाय. दूध पाजनाऱ्या बाईले कोनतं चालते ते तिलेच मालूम. पन आधी वहिनीले विचारजा, तिले काय पायजे."

"तिले काय विचाराव?"

"अंग तिचं हाय ना, आत्या."

पंचफुलाच्या तोंडावर पुढचा प्रश्न आला, आणि तिची नजर भावाकडे गेली. तिने डोक्यावरून पदर ओढला. "उकंडा, तू जाय बरं जरा बाहेर. बाईमानसाचं बोलनं हाय."

उकंडा सवयीने उठला. चपलेत पाय घालायला निघाला.

"राहू दे, आत्या," साधना म्हणाली. "बाबाले बी ऐकू दे."

पंचफुलाने तोंडावर पदर धरला. तिला हसू आलं की लाज वाटली, ते कळलं नाही. उकंडा दारात उभा होता, आत की बाहेर हे न ठरवता. मग तो परत आला आणि स्टुलावर बसला. त्याने कात्री बाजूला ठेवली, मशीनवर पाय ठेवला नाही.

"विचार, बाई," तो म्हणाला. "मी ऐकून राह्यलो."

पंचफुलाने घसा साफ केला. आवाज खाली आणला, आणि भावाच्या समोर, आयुष्यात पहिल्यांदा, विचारलं.